शत्रूच्या पोरांना घरी उतरवून घेणारं गाव

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री निवांत वाचा.

परवा आमच्या गावच्या व्याख्यानमालेची बैठक होती. एका निवृत्त सरांनी सुचवलं की यंदा नेहमीचे वक्ते नकोत, मिझोराममधलं एखादं क्वायर बोलवू. क्वायर म्हणजे चार-चार स्वरांत एकत्र गाणाऱ्यांचा जथा. सरांचा एक जुना विद्यार्थी लष्करात आहे, तिकडे होता, त्याची ओळख आहे. वीस-बावीस पोरंपोरी येतील, दोन दिवस राहतील, एक संध्याकाळ गातील. बस्स, एवढंच.

मग सुरू झालं. त्यांची भाषा कुणाला कळणार? जेवणाचं काय, ते काय काय खातात माहीत आहे का? बावीस जणांचं लॉजचं भाडं कोण भरणार? आपले गाणारे संपले का? आणि मागच्या खुर्चीतून एक जण जे बोलला ते तसंच्या तसं लिहीत नाही, पण त्या मुलांच्या डोळ्यांवरून आणि चेहऱ्यावरून होतं. हसलेही काही जण. सर गप्प बसले. विषय 'पुढच्या बैठकीत बघू' म्हणून बाजूला पडला. मी बातमी केली, ती डेस्कवर कापून चार ओळींची झाली. त्यात सरांची सूचना नव्हतीच.

घरी आलो आणि मला लँगॉलेन आठवलं.

हे नाव मला कळलं ते २००७ च्या सप्टेंबरात. तेव्हा मी रात्रपाळीला डेस्कवर होतो. लुचानो पावारोत्ती गेले, एजन्सीची लांब कॉपी आली. जगातला मोठा ऑपेरा गायक, पान एकवर सिंगल कॉलम घ्यायचा होता. कॉपी कापता कापता एका वाक्यावर थांबलो. १९ व्या वर्षी हा माणूस वडिलांच्या क्वायरबरोबर वेल्समधल्या एका लहान गावात स्पर्धेला गेला होता, त्यांना पहिलं बक्षीस मिळालं, आणि आपण गायकच व्हायचं हे तिथून पक्कं झालं. वडील इटलीतल्या मोदेना गावचे बेकरीवाले. आता पावाच्या भट्टीवरचा माणूस क्वायर घेऊन पार वेल्सला कशाला जाईल? ते वाक्य मी कापलं (जागा नव्हती), पण डोक्यातून गेलं नाही. पुढे जमेल तसं वाचत राहिलो.

लँगॉलेन हे उत्तर वेल्समधलं, डी नदीच्या काठचं गाव. लोकसंख्या तीन-साडेतीन हजार. म्हणजे आपल्याकडच्या मध्यम ग्रामपंचायतीएवढं. नदीवर जुना दगडी पूल, मागं डोंगर, डोंगरावर पडका किल्ला. नाव मी आपलं सोयीनं लिहितोय. वेल्श भाषेत दोन 'एल'चा जो उच्चार आहे तो आपल्या बाराखडीत बसत नाही. जीभ 'ल'च्या जागी लावायची आणि बाजूनं हवा फुंकायची. करून बघा, घरचे हसतील.

तिथं दरवर्षी जो सोहळा भरतो त्याला आयस्टेद्वोद म्हणतात. शब्दाचं मूळ 'बसणे' या अर्थाच्या वेल्श धातूत आहे. म्हणजे आपला शब्द तयारच आहे: बैठक. आपण गाण्याची बैठक म्हणतो तसंच. ही प्रथा फार जुनी. ११७६ मध्ये कार्डिगनच्या किल्ल्यात कवी आणि वादकांची अशी स्पर्धा भरली होती, तिथपासून मोजतात. कवितेची, गाण्याची स्पर्धा आणि त्यासाठी लोटणारी माणसं, हे वेल्समध्ये राजेरजवाड्यांपुरतं राहिलं नाही. एकोणिसाव्या शतकात कोळशाच्या खाणी आल्या, पाट्यांच्या दगडाच्या खाणी आल्या, गावोगाव चॅपल उभी राहिली आणि खाणीतून वर आलेला माणूस संध्याकाळी क्वायरच्या तालमीला जाऊ लागला.

इथं एक गोष्ट आपल्या लोकांना पटकन कळेल. या कामगारांना पाच रेघांवरची ती युरोपियन नोटेशन वाचता येत नव्हती. त्यांच्यासाठी 'टॉनिक सोल-फा' नावाची पद्धत पसरली. त्यात स्वर अक्षरांनी लिहितात, आणि मुख्य म्हणजे 'डो' कुठल्याही पट्टीत धरता येतो. आपला सा नाही का, पेटीच्या कुठल्याही पट्टीवर सा मानायचा आणि पुढचं सगळं त्याच्यावरून! तीच गत. म्हणून शाळा फार न शिकलेले लोक हातात कागद धरून चार आवाजांचं अवघड संगीत वाचून गात. आपल्याकडे समूहगान म्हटलं की सगळे एकच चाल एकत्र म्हणतात. क्वायरमध्ये तसं नसतं. बायकांचे वरचे आणि खालचे आवाज, पुरुषांचे वरचे आणि खालचे आवाज, चौघांच्या चार वेगळ्या ओळी एकाच वेळी चालतात. आपली ओळ सोडायची नाही आणि दुसऱ्याची ऐकणं थांबवायचं नाही. एकटा कितीही चांगला गात असला तरी तिथं त्याचा काही उपयोग नाही.

तर आता मूळ गोष्ट. ती सुरू होते एका पत्रकारापासून, म्हणून मला जरा जास्तच आवडते.

हॅरॉल्ड ट्यूडर हा त्याच भागातला पत्रकार. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश कौन्सिलचं काम करत होता. हिटलरनं युरोपातले देश गिळले तेव्हा त्या देशांची सरकारं लंडनमध्ये आश्रयाला होती. १९४३ मध्ये बँगर गावात वेल्सचा राष्ट्रीय आयस्टेद्वोद भरला, तेव्हा ट्यूडरनं या परक्या सरकारांच्या प्रतिनिधींना तिथं नेलं. घरदार हरवलेली ती माणसं, आणि समोर हजारो लोक गाताहेत. ट्यूडरच्या डोक्यात तिथं किडा वळवळला: लढाई संपली की या सगळ्या देशांतले गाणारे एका ठिकाणी आणायचे.

कल्पना पत्रकाराची असली तरी ती उभी करायला दुसरी माणसं लागतात. ते ट्यूडरला कळलं, हे त्याचं मोठेपण. तो डब्ल्यू. एस. ग्विन विल्यम्स यांच्याकडे गेला. विल्यम्स लँगॉलेनचेच, संगीतकार आणि संगीताचे प्रकाशक. राष्ट्रीय आयस्टेद्वोदच्या संगीताची जबाबदारी सांभाळलेला माणूस. हे आपल्याच गावात करू, असं ते म्हणाले. तिसरे जॉर्ज नॉर्दिंग, गावच्या कौन्सिलचे अध्यक्ष, पेशानं शिक्षक. म्हणजे एक पत्रकार, एक गाणारा आणि एक मास्तर. १९४६ मध्ये गावाची सभा झाली आणि ठरलं. वर्ष संपेपर्यंत हजार पौंडांच्या वर वर्गणी गावानं गोळा केली. तेव्हाचे हजार पौंड म्हणजे लहान गावाला चेष्टा नव्हती.

तो काळ कसला होता ते ध्यानात घ्या. ब्रिटन लढाई जिंकला होता, पण खंक झाला होता. जे पाव लढाईच्या काळातही मोकळे मिळत ते १९४६ पासून रेशनवर गेले होते. १९४७ चा हिवाळा तर इतका कडक गेला की कोळसा पोचेना, कारखाने बंद ठेवावे लागले. हॉटेलं गावात मोजकी. मग शेकडो पाहुण्यांची सोय करायची कशी? गावानं सरळ उत्तर काढलं: घरी. या घरी दोन, त्या घरी तीन. रेशनच्या कुपनावर जे मिळतंय त्यात वाटून.

आमचं गाव पालखीच्या वाटेवरचं, त्यामुळे मला हे वाचताना वेगळं काही वाटलं नाही. दिंडी येते त्या रात्री ओसरीवर, माडीवर, शाळेत, दुकानाच्या फळीवर माणसं झोपतात. कोण कुठल्या गावचे, कुठल्या जातीचे, आईनं कधी विचारल्याचं आठवत नाही. पिठलं-भाकरीचं पातेलं चढवायचं एवढंच. पण दिंडीतली माणसं आपली भाषा बोलतात, आपलाच देव मानतात. इथं येणार होते त्यांची भाषा एकालाही येत नव्हती.

जून १९४७ मध्ये पहिली बैठक भरली. आपल्याला तो महिना दुसऱ्या कारणानं ठाऊक आहे. ३ जूनला माउंटबॅटनची फाळणीची योजना जाहीर झाली. एकाच साम्राज्याच्या एका टोकाला घरं तुटण्याची तारीख ठरत होती आणि दुसऱ्या टोकाला एक गाव परक्यांसाठी खाटा मोजत होतं. यात काही संबंध जोडायचा नाही मला. फक्त तारखा शेजारी ठेवल्या.

तंबू उभा राहिला. हजारो माणसं बसतील एवढा. सजवलेलं व्यासपीठ तयार. आणि गावाला एकच घोर: परदेशातून खरंच कुणी येणार का? त्या वेळी युरोपातली रेल्वे मोडकळीला आलेली, बाहेर पडायला परकीय चलन मिळायची मारामार. मग एक बस आली. पोर्तुगालच्या पोर्तो शहरातल्या बायकांचं क्वायर. अख्खा युरोप बसनं तुडवून आलं होतं. आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडाची पहिली गाडी वेशीवर दिसल्यावर जे होतं, ते तिथं झालं असणार.

हंगेरीच्या कामगारांच्या क्वायरची कथा तर सिनेमात घालावी अशी आहे. बुडापेस्टहून निघाले, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत आले आणि कळलं की फ्रान्समध्ये रेल्वेचा संप आहे. पुढे गाडी नाही. ही मंडळी परत गेली नाहीत. लहान लहान टोळ्या केल्या आणि रस्त्यावर हात दाखवत, मिळेल त्या वाहनानं पुढे सरकत, कसेबसे वेल्सला पोचले. सोहळा तोवर सुरूही झाला होता. ते उतरले, गायले, आणि पुरुषांच्या क्वायरची स्पर्धा जिंकले. ती स्पर्धा म्हणजे वेल्सच्या खाणकामगारांच्या घरचं अंगण! आपल्या तालमीत येऊन बाहेरच्या पैलवानानं गदा न्यावी, तसं. तरी टाळ्या पडल्या. पहिल्याच वर्षी १४ देशांतले गाणारे आले होते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथं येतो. वर्ष १९४९.

त्या वर्षी जर्मन क्वायर आलं. ल्यूबेक शहरातून. पश्चिम जर्मनी नावाचा देश त्याच वर्षी जन्माला आला होता. लढाई संपून चार वर्षं झाली होती. चार वर्षं म्हणजे किती, ते आपल्या कोरोनावरून मोजा. आपल्यातल्या किती जणांचं दुःख चार वर्षांत निवलं?

लँगॉलेनपासून लिव्हरपूल सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. जर्मन विमानांनी ते बंदर भाजून काढलं होतं. १९४१ च्या मे महिन्यात तर सलग आठवडाभर. लिव्हरपूल आणि आसपास सगळ्या लढाईत जवळपास ४ हजार माणसं या हल्ल्यांत मेली. तिथली लहान लेकरं जीव वाचवायला उत्तर वेल्सच्या गावांत पाठवली होती. ती ज्या घरांत राहिली, त्याच भागातल्या घरांत आता जर्मन पाहुणे यायचे होते. वेल्समध्ये जवळजवळ प्रत्येक गावात लढाईत गेलेल्यांची नावं कोरलेला दगड असतो. ती नावं वाचत वाचत माणसं तंबूकडे जात असतील.

आणि उलट बाजूही बघा, कारण आपण नेहमी एकच बाजू बघतो. ल्यूबेक हे साधंसुधं शहर नव्हतं. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये बुक्स्टेहुड ऑर्गन वाजवायचा. त्याला ऐकायला १७०५ मध्ये विशीतला बाख शेकडो किलोमीटर चालत आला होता. पश्चिमी संगीतातलं पंढरपूरच म्हणा ना! २८ मार्च १९४२ च्या रात्री, पाम संडेच्या आदल्या रात्री, ब्रिटिश हवाई दलाची दोनशेहून जास्त विमानं ल्यूबेकवर आली. तिनशेहून जास्त लोक मेले, जुनं लाकडी शहर पेटलं. सेंट मेरी चर्चही जळालं. मनोऱ्यातल्या अवजड घंटा वरून खाली कोसळल्या आणि फुटल्या. त्या घंटा तिथंच, जिथं पडल्या तिथं, तशाच ठेवल्या आहेत. आजही बघायला मिळतात.

म्हणजे ज्यांचं गाव इंग्रजांनी जाळलं ते गाणारे, आणि ज्यांचं बंदर जर्मनांनी जाळलं ते ऐकणारे. मध्ये फक्त लाकडी व्यासपीठ.

लँगॉलेनमध्ये आजही सांगतात की निवेदकानं त्यांचं नाव पुकारताना 'आमचे मित्र' असं म्हटलं. कुठलं भाषण नाही, माफी नाही, मागचा हिशोब नाही. आणि तंबूतल्या लोकांनी टाळ्यांनी त्यांना घेतलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा निवेदकाचाच विचार करत बसलो. आपण पत्रकार लोक हजार कार्यक्रमांचं सूत्रसंचालन ऐकतो. 'टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया' हे वाक्य तर झोपेतसुद्धा ऐकू येतं. त्या माणसाला दोन क्षणांत ठरवायचं होतं, काय म्हणू? 'जर्मनीचं क्वायर' म्हटलं असतं तरी चाललं असतं, कुणी नाव ठेवलं नसतं. 'मित्र' म्हणण्यात धोका होता. तंबूत कुणाचा तरी मुलगा परत आलेला नव्हता. एखाद्यानं ओरडून विचारलं असतं, कुणाचे मित्र? तर?

पण मला वाटतं, खरी गोष्ट व्यासपीठावर घडलीच नव्हती. ती आदल्या रात्री स्वयंपाकघरात घडली होती. ज्या बाईनं आपल्या घरी पाहुणा उतरवून घेतला, त्याला आंघोळीचं पाणी दिलं, सकाळी पाव कापून दिला, ती तंबूत बसून त्याला हुर्यो कशी करणार? आधी पाहुणे होते, मग गायक झाले. हा क्रम उलटा असता, म्हणजे लॉजवर उतरवून, गाडीनं थेट स्टेजवर आणून, गाऊन झाल्यावर परत पाठवलं असतं, तर तो एक कार्यक्रम झाला असता. असले कार्यक्रम सरकारं रोज करतात.

चार वर्षांनी, १९५३ मध्ये, पुन्हा जर्मन आले. या वेळी मुलं. ओबर्नकिर्खेन नावाच्या गावचं बालक्वायर, एडिट म्योलर नावाच्या बाई त्यांना शिकवायच्या. त्यांच्या भावानं चाल दिलेलं एक भटकंतीचं आनंदी गाणं या मुलांनी गायलं, बक्षीस मिळवलं, बीबीसीनं ते रेडिओवरून ऐकवलं. पुढच्या वर्षी, १९५४ मध्ये, त्याची रेकॉर्ड ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या नंबरापर्यंत गेली. 'द हॅपी वाँडरर' या नावानं ते गाणं पुढे जगभर शाळांतून गायलं गेलं. नऊ वर्षांपूर्वी ज्या देशाच्या विमानांचा भोंगा वाजला की लोक तळघरात पळायचे, त्या देशातल्या पोरांची रेकॉर्ड लोक दुकानात रांग लावून विकत घेत होते. १९५३ मध्येच नुकताच राज्याभिषेक झालेली एलिझाबेथ राणी लँगॉलेनला येऊन गेली. कवी डिलन थॉमसही आला होता, त्यानं बीबीसी रेडिओसाठी या सोहळ्यावर सुंदर लिहिलं. नोव्हेंबरात तो न्यूयॉर्कमध्ये वारला, वय फक्त ३९. पण राणी, कवी हे सगळे नंतरचे. आधी गाव होतं.

आणि १९५५ ला ते मोदेनाचे. 'कोराले रॉसिनी' हे त्यांच्या क्वायरचं नाव. बेकरीवाले फेर्नान्दो पावारोत्ती आणि त्यांचा १९ वर्षांचा पोरगा, बाप-लेक दोघंही वरच्या पुरुषी आवाजात, शेजारी शेजारी उभे. पहिलं बक्षीस आलं. पोराचा गळा एकट्याचा पुढे जगानं ऐकला, पण बक्षीस मिळालं ते रांगेत उभं राहून गायल्याबद्दल. ४० वर्षांनी, १९९५ मध्ये, पावारोत्ती परत लँगॉलेनला येऊन गायले. आज तिथं सर्वोत्तम क्वायरला जो करंडक देतात तो त्यांच्याच नावाचा आहे. माझ्या कापलेल्या वाक्याचं उत्तर मला असं मिळालं. बेकरीवाला वेल्सला गेला, कारण तिथं बेकरीवाल्यांना, खाणवाल्यांना, शिक्षकांना बोलावत होते. पगारी गवयांना नाही.

सगळं गोडगोड सांगतोय असं वाटत असेल तर थांबा. गाण्यानं लढाया थांबतात वगैरे मी मानत नाही. जे हंगेरियन १९४७ ला वाटेत हात दाखवत आले, त्यांच्या बुडापेस्टमध्ये १९५६ ला रशियन रणगाडे घुसले. तेव्हा कुठलं क्वायर उपयोगाला आलं नाही. लँगॉलेनचा संसारही सोपा नाही. तंबूच्या जागी १९९२ मध्ये कायमचा मांडव उभा राहिला, पण पैशाची ओढाताण अशा कुठल्याही उत्सवाच्या पाचवीला पुजलेलीच असते. २०२० मध्ये कोरोनामुळे सोहळा झालाच नाही. २००४ मध्ये टेरी वेट यांनी या गावाच्या सोहळ्याचं नाव शांततेच्या नोबेलसाठी सुचवलं होतं. टेरी वेट म्हणजे ओलिसांना सोडवायला लेबनॉनला गेलेले आणि स्वतःच जवळपास पाच वर्षं ओलीस राहिलेले गृहस्थ. शत्रुत्व म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. नोबेल मिळालं नाही. गावानं पुढच्या वर्षीही व्यासपीठासमोर फुलं रचली. ती फुलांची आरास गावातले स्वयंसेवक करतात आणि ती तिथली एक प्रसिद्ध गोष्ट आहे.

आता परत आमच्या बैठकीकडे. सरांनी मिझोरामच का सुचवलं ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, किंवा कुणी सांगू दिलं नाही. पण वेल्स आणि मिझोराम यांचा संबंध जुना आहे.

१८४१ मध्ये थॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी चेरापुंजीला, खासी टेकड्यांत आला. १८९७ मध्ये डी. ई. जोन्स हा दुसरा वेल्श मिशनरी ऐजॉलला पोचला. या लोकांनी धर्म आणला, शाळा आणल्या, त्याबद्दल ज्याचं त्याचं मत असू द्या. बरोबर ती सोल-फाची पद्धतही आणली. वेल्सच्या खाणकामगारांची, आपल्या सारेगमसारखी. आज मिझोरामच्या गावोगावच्या क्वायरमध्ये मुलं त्याच अक्षरांवरून चार आवाजांचं गाणं वाचतात. पण नुसतं घेतलं असतं तर ती नक्कल झाली असती. मिझोंचा स्वतःचा ढोल आहे, खुआंग. सुरुवातीला तो चर्चमध्ये चालत नव्हता, जुन्या चालीरीतींची खूण म्हणून. १९२० च्या आगेमागे तो आत आला, आणि त्याच्या ठेक्यावर, त्यांच्या मूळच्या लांब वळणाच्या चालींत सामूहिक भजन गाण्याची एक नवीच रीत तयार झाली. परक्याकडून घेतलं आणि आपल्या ढोलावर चढवलं. आपल्या भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांना ते ऐकवा. पखवाजाच्या माणसाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

लांब कशाला जा, मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये परंज्योती अकादमी कोरस सुरू केलं. ते १९६७ मध्ये गेल्यावर कूमी वाडिया या पारशी बाईंनी ते सांभाळलं आणि परदेशी नेलं. परंज्योतींनी दाक्षिणात्य वळणाची एक रचना क्वायरसाठी बांधली, 'द्रविडियन डिथिरॅम्ब'. तिच्यात अर्थाचे शब्दच नाहीत, नुसते ध्वनी. फिलिपिन्समधली क्वायर ती आज हौसेनं गातात. मुंबईत बांधलेली चीज मनिलाची पोरं गाताहेत आणि इथं महाराष्ट्रात किती जणांनी परंज्योती हे नाव ऐकलंय? मीसुद्धा चाळिशी ओलांडल्यावर ऐकलं.

तर बैठकीतल्या प्रश्नांबद्दल. भाषा कळणार नाही, हे खरं. १९४९ ला वेल्श बाईला जर्मन येत नव्हतं, पाहुण्याला वेल्श येत नव्हतं. जेवणाचा प्रश्न त्यांनाही होता, आणि आपल्याला तर रेशनची कुपनं मोजायची नाहीत. वरण-भात, भाकरी, ज्याच्या घरी अंडं-मटण चालतं त्याच्या घरी ते. आपले गाणारे संपले का, याला उत्तर असं की आपले गाणारेही त्या संध्याकाळी गाऊ देत. भजनी मंडळ आहे, दोन्ही शाळांची समूहगानं आहेत, चर्चमधली मंडळी दर नाताळला गातात आणि आपण कुणी ऐकायला जात नाही. मागच्या खुर्चीतून जे बोललं गेलं त्याला उत्तर द्यायची माझी इच्छा नाही. त्या माणसाच्या घरी दोन पोरं उतरवावीत, असं मात्र मनापासून वाटतं.

राहिला लॉजचा प्रश्न. सरांशी काल फोनवर बोललो. त्यांनी हिशोब केलाय. बावीस जण, म्हणजे अकरा घरं, दोन रात्री. लॉज लागतच नाही. सरांचं एक घर, माझं एक. आईला विचारलं तर ती म्हणाली, 'दोघंच? माडीवर सहा झोपतात.' म्हणजे नऊ घरं हवीत, किंवा माडी धरली तर सातच.

पुढची बैठक रविवारी संध्याकाळी साडेपाचला, वाचनालयाच्या वरच्या खोलीत आहे. सर येणार आहेत, मीही आहे. ज्यांच्याकडे सोय होईल त्यांनी शनिवारपर्यंत मला निरोप द्या, यादी घेऊनच बैठकीला जातो.